पुण्यात घेतलेली जुनी युनिकॉर्न आणि रेणापूरपर्यंतचे ३४८ किलोमीटर

मी जनावरांच्या कृत्रिम रेतनाचं काम करतो. लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यातली चौदा गावं आणि त्यांच्या वस्त्या माझ्याकडं आहेत. गाडीच्या मागं तीन लिटरचा कंटेनर बांधलेला असतो. आत उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन आणि त्यात देवणी, लाल कंधारी, जर्सी, होल्स्टीन या जातींच्या रेतमात्रा. हा कंटेनर कायम उभा राहिला पाहिजे. जोरात आदळला तर त्याची मान आतून तडकते आणि मग नायट्रोजन टिकत नाही. गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ती वेळ हुकली की शेतकऱ्याला पुढच्या माजापर्यंत एकवीस दिवस नुसती वैरण घालत बसावं लागतं. म्हणजे माझी गाडी सकाळी सहाला चालू झाली नाही तर नुकसान दुसऱ्याच्या गोठ्यात होतं. हे आधी सांगतो, कारण पुढं गाडीबद्दल जे लिहिलंय ते या कामाच्या हिशेबानं. कॉलेजला जाण्यासाठी गाडी बघणाऱ्याचा हिशेब वेगळा असणार.

आधीची शंभर सीसीची गाडी एक लाख तीस हजार किलोमीटर चालली. दोनदा इंजिनचं काम झालं होतं, तिसऱ्यांदा करण्यात अर्थ नव्हता. नवीन घ्यायची ऐपत या वर्षी नाही. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन गेलं. मग होंडाची जुनी युनिकॉर्न शोधायची ठरवली. कारण सरळ आहे. ही गाडी २००४ साली आली तेव्हापासून तिला मागं मधोमध एकच शॉक आहे आणि खड्ड्यातून जाताना तिचं शेपूट उडत नाही. आमच्या धंद्यातल्या तिघांकडं ती आहे. त्यांच्या मागं बसून मी कंटेनर मांडीवर धरून पाहिलाय. १५० सीसीचं इंजिन, १३ लिटरची टाकी, किक आणि सेल्फ दोन्ही, आणि चेन पूर्ण झाकलेली. काळ्या मातीच्या चिखलात उघड्या चेनचं काय होतं ते पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

लातुरात या गाड्या मिळतात, पण बहुतेक शेतात राबलेल्या. पुण्यात भाचा हडपसरला राहतो. त्याच्या ओळखीतून कोथरूडच्या एका काकांची गाडी कळली. मे २०१७ चं पासिंग, पहिलेच मालक, मीटरवर ४१ हजार. काका बँकेतून निवृत्त झाले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी पाच महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिली. सांगितले बावन्न हजार, ठरली सत्तेचाळीस हजारांना. सगळ्या सर्व्हिसिंगच्या पावत्या त्यांनी एका फाइलला लावून ठेवल्या होत्या, तारखेवार. ती फाइल पाहूनच माझं मन बसलं. चावी देताना काका म्हणाले, "अहो, हिला कधी कुणी शिवी दिली नाही. तुम्हीही देऊ नका." मी त्यांना तसा शब्द दिलाय.

आता मुख्य प्रश्न: पुण्यातली गाडी रेणापूरला आणायची कशी?

रेल्वेचं पार्सल हा पहिला विचार होता. पुण्याहून लातूरला थेट गाडी आहे. चौकशी केली तर पद्धत सोपी आहे: आरसी आणि ओळखपत्राची झेरॉक्स द्यायची, टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढायचं, गाडी पुठ्ठा आणि गोणपाटानं बांधून घ्यायची, वर कुठून कुठं ते ठळक लिहायचं. भाडं वजन आणि अंतरावर. सोबत प्रवास करायचा नसेल तरी गाडी पाठवता येते. ज्यांना लांब गाडी चालवायची सवय नाही, किंवा ज्यांची गाडी परराज्यातून येणार आहे, त्यांना मी हाच रस्ता सांगेन. फक्त ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे रेल्वेच्या सामानाच्या डब्यात, जागा असेल त्या दिवशीच ती चढते, आणि मला सोमवारपासून काम सुरू करायचं होतं.

दुसरा पर्याय ट्रान्सपोर्टचा. एकानं फोनवर साडेचार हजार सांगितले. प्रत्यक्ष गेल्यावर पॅकिंगचे वेगळे, हमालीचे वेगळे, लातुरात गोडावूनमधून सोडवण्याचे वेगळे करत आकडा सहा हजार आठशेवर गेला. घरपोच नाहीच. मला राग पैशांचा आला नाही, फोनवर विचारलं तेव्हा हे सगळं का सांगितलं नाही याचा आला. नाव घेत नाही, पण कुणालाही फोनवरचा आकडा मान्य करू नका, "लातूरच्या दारात, सगळं धरून किती?" एवढं एकच विचारा आणि ते लिहून घ्या.

म्हणून चालवत आणायची ठरली. आणि आता सांगतो, ट्रान्सपोर्ट फुकट मिळालं असतं तरी मी चालवतच आणली असती. का, ते बार्शीजवळ आल्यावर सांगतो.

उभी राहिलेली गाडी लगेच लांब न्यायची नाही, हे माझ्या वडिलांनी ट्रॅक्टरवर शिकवलं. एक पूर्ण दिवस हडपसरच्या गॅरेजला दिला. ऑइल बदललं, जुनं ऑइल काळं होतं, पण त्यात चकाकी नव्हती, म्हणजे आत काही खरवडत नव्हतं. प्लग नवीन, एअर फिल्टर नवीन, मागचे ब्रेक लायनर नवीन, क्लच वायर नवीन. जुनी क्लच वायर चांगली होती, ती मी सीटखाली गुंडाळून ठेवली. कार्बोरेटर खोलून धुतला. हे कराच. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाच महिने उभ्या गाडीच्या फ्लोट बाउलमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीत, जे उरतं त्याला पेट्रोल म्हणता येत नाही. आमच्या बाउलमधून तपकिरी पाणी निघालं. टाकीतलं जुनं पेट्रोलही काढून टाकलं.

टायरबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण तिथं माझी मेकॅनिकशी वादावादी झाली. पुढच्या टायरची नक्षी चांगली शिल्लक होती. तो म्हणाला, "भाऊ, अजून दहा हजार जाईल, कशाला पैसे घालवता?" मी टायरच्या कडेला चार आकडे दाखवले: ०९१७. म्हणजे २०१७ सालचा नववा आठवडा. रबर आठ वर्षांपेक्षा जुनं, नख रुतत नव्हतं, आणि कडेला केसासारख्या भेगा. मागचं टायर काकांनी दोन वर्षांपूर्वी बदललेलं होतं, ते ठेवलं. पुढचं टायर आणि ट्यूब नवीन घातली. मागचं पंक्चर माणूस सावरतो. पुढचं टायर साठच्या वेगात फुटलं तर सावरायला वेळच मिळत नाही. जुनी गाडी घेणाऱ्यानं नक्षी नंतर बघावी, आधी हे चार आकडे बघावेत.

गॅरेजचं बिल सगळं मिळून पाच हजार एकशे पन्नास झालं. हे पैसे गाडीच्या किमतीतच धरा. सत्तेचाळीसची गाडी मला बावन्नला पडली, आणि त्या किमतीला ती चांगली आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. वाहनांच्या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून ई-चलन बाकी आहे का आणि कर्जाचा बोजा आहे का ते पैसे देण्याआधी बघावं. दोन चलनं होती, ती काकांनी समोरच भरली. नावबदलाच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घेतल्या, साध्या कागदावर विक्रीची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सही केली. वेळसुद्धा लिहा, त्या वेळेनंतर गाडी कुणाकडं होती याचा पुरावा राहतो, पण आरसीवर नाव बदलेपर्यंत जबाबदारी जुन्या मालकाच्या डोक्यावरून पूर्ण उतरत नाही. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा नावावर करून घ्यायचा अर्जही १४ दिवसांत. आरसी अजून काकांच्या नावावर, म्हणून मूळ कार्ड जवळ ठेवलं. पीयूसी नवीन काढली. नवी नंबरप्लेट काकांनी आधीच बसवलेली होती.

डिसेंबरचा दुसरा रविवार. पावणेसातला हडपसरहून निघालो. मीटर ४१,२०६. टाकी काठोकाठ. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची दोन पानं, कारण यवतपर्यंत गारठा हाडात जातो. पाठीवर सॅक न घेता ती मागच्या सीटला रबरानं आवळून बांधली, कंटेनर जिथं बसणार तिथंच, म्हणजे वजनाचा अंदाज येईल. वेग साठ ते बासष्ट, त्याच्यावर नाही. सोलापूर रोड चार पदरी आहे आणि हात शिवशिवतात, पण ज्या गाडीची आपल्याला अजून ओळख नाही तिला पहिल्याच दिवशी ऐंशीला न्यायचं कारण नाही. दुचाकीला टोल नाही, नाक्यावर डाव्या कडेनं निघून जायचं.

यवतला पहिला थांबा. चहाच्या आधी गाडीभोवती फिरलो. इंजिनखाली ऑइलचा थेंब नाही. पुढच्या चाकाचा मधला भाग गार. मागच्या ब्रेकच्या ड्रमला बोट लावलं आणि चटका बसला. नवे लायनर जरा जास्तच आवळले गेले होते, ब्रेक न दाबताही घासत होते. पान्यानं मागचा नट दोन फेरे सैल केला, चाक हातानं फिरवून बघितलं, मोकळं झालं. पुढच्या थांब्याला ड्रम कोमट होता. तसाच पुढं आलो असतो तर ॲव्हरेज तर गेलंच असतं, लायनरही जळाले असते. पहिल्या चाळीस किलोमीटरला थांबून चाकांना हात लावणं हा मी आता नियम केलाय.

पाटस सोडलं आणि ऊन अंगावर आलं. गाडी इथं मला आवडायला लागली. पाचव्या गिअरमध्ये चाळीसला आली तरी कुरकुर नाही, ॲक्सिलेटर हळूच दिला की ओढ धरते. गिअर बदलायला पाय जोरात आपटावा लागत नाही. साठला आरसा हलत नाही, मागचा ट्रक आरशात स्पष्ट दिसतो. शंभर सीसीच्या गाडीवर पंधरा वर्षं मला आरशात फक्त थरथरता रंग दिसायचा. पुढचा डिस्क ब्रेक दोन बोटांनी लागतो. कुरकुंभजवळ एक कुत्रं अचानक दुभाजकातून आलं, तेव्हा नव्या टायरचे आणि या डिस्कचे पैसे वसूल झाले.

भिगवणला साडेनऊ. उजनीच्या पाण्यावर पांढरे पक्षी होते, रोहित (फ्लेमिंगो) असावेत, लांबून नीट कळलं नाही. इथल्या माशाच्या हॉटेलांचं नाव मोठं आहे, पण मासे-भात खाऊन गाडी चालवणं मला जमत नाही, झोप येते. दोन केळी, चहा. टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघितलं, झाकण लावलं आणि निघालो.

इथून मी एक बदल केला. गाडी इतकी छान चालत होती की इंदापूर, टेंभुर्णी कुठंच थांबलो नाही. टेंभुर्णीला डावीकडं वळून कुर्डुवाडीचा रस्ता धरला. सव्वाअकराला कुर्डुवाडी. रेल्वेचं फाटक ओलांडताना आजोबांची आठवण आली. बार्शी लाइट रेल्वे म्हणून इथून छोटी गाडी चालायची. १८९७ ला बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ ला लातूरला पोचली. आजोबा आषाढीला तिच्यानंच लातूरहून पंढरपूरला जायचे. वाटेत चढ लागला की माणसं उतरून गाडीच्या बाजूनं चालायची, असं ते सांगायचे. लातूरपासून कुर्डुवाडीपर्यंतची लाइन मोठी व्हायला २००८ उजाडलं. ज्या रुळांवरनं माझी गाडी पार्सल होऊन आली असती ते हेच.

कुर्डुवाडी सोडून पाच-सहा किलोमीटर झाले असतील आणि गाडी खोकली. एकदा, दोनदा, मग पेट्रोल संपल्यासारखी दबली आणि बंद पडली. कडेला घेतली. दोन्ही बाजूंना ज्वारी, पोटऱ्यात आलेली, माणूस कुठं नाही. टाकीत निम्म्याच्या वर पेट्रोल होतं, हलवल्यावर आवाज येत होता. पेट्रोलचा कॉक चालू. किक मारली, घेईना. प्लगची कॅप काढून बघितली, ठीक. मग पेट्रोल खरंच किती आहे ते बघावं म्हणून झाकणाला चावी लावली, आणि झाकण सैल होताच "सुस्स" असा आवाज आला. सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा, फक्त हवा आत जात होती.

किक मारली. पहिल्या किकला चालू.

माझ्या डोक्यात लगेच सलाइनची बाटली आली. जनावराला सलाइन लावताना काचेच्या बाटलीला हवेची सुई टोचली नाही तर थेंब पडायचे थांबतात. टाकीचंही तेच. जेवढं पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यायला लागते. त्यासाठी झाकणात बारीक छिद्र असतं. ते बुजलं की आत पोकळी होते आणि पेट्रोल वरच अडकून राहतं. आधी का झालं नाही? कारण मी दर चाळीस किलोमीटरला थांबत होतो, त्या दहा-पंधरा मिनिटांत झिरपून झिरपून हवा आत जात होती. भिगवणला तर मी स्वतःच झाकण उघडलं होतं. तिथून सलग ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर न थांबता आलो आणि टाकी गुदमरली.

कोथरूडमध्ये मी गाडीची ट्रायल घेतली होती, तीन किलोमीटर. गॅरेजवाल्यानं घेतली, दोन किलोमीटर. त्या ट्रायलमध्ये हा दोष शंभर वर्षांत कळला नसता. टेम्पोतून गाडी आली असती तर तो घरी आला असता आणि एखाद्या पहाटे, कंटेनर मागं बांधलेला असताना, पानगावच्या पुढं आडरानात निघाला असता. म्हणून म्हणतो, जुनी गाडी चालवत घरी आणावी. तिची दुखणी तिला लांब चालवल्याशिवाय बोलत नाहीत, आणि आपल्याला वेळ असताना, उजेडात, हातात पाना असताना ती बोललेली बरी.

बार्शीपर्यंत दर दहा-बारा किलोमीटरला झाकण उघडत आलो. गावात शिरताना डाव्या हाताला एक छोटं गॅरेज होतं, पत्र्याचं. एक वयस्कर चाचा एकटेच स्प्लेंडरचं चाक बसवत होते. सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम न सोडता विचारलं, "किती दिवस उभी व्हती?"

"पाच महिने, चाचा."

"पावसात?"

"पार्किंगमध्ये, पण कडेला. थोडं भिजली असंल."

चाक बसवून झाल्यावर त्यांनी झाकणाच्या आतले स्क्रू काढले, पट्टी उचलली आणि मला बोलावलं. आत गंज आणि धुळीचा लगदा बसला होता, विटकरी रंगाचा. रॉकेलमध्ये बुडवून दाताच्या ब्रशनं घासलं, बारीक तारेनं छिद्र मोकळं केलं, कॉम्प्रेसरची हवा मारली. मग झाकण तोंडाजवळ धरून स्वतः फुंकून बघितलं आणि माझ्या हातात दिलं. "तुमीबी फुंका. टाकीलाबी नाक असतंय, भाऊ." मी फुंकलं. हवा आरपार गेली. किती झाले विचारलं तर तीस रुपये. पन्नासची नोट दिली, वीस परत केले. मी नको म्हणालो तर म्हणाले, "तीसचंच काम हाय." वीस मिनिटं त्या माणसानं माझ्यासाठी दिली होती आणि कामाची किंमत त्यांना स्वतःला नेमकी माहीत होती. झाकणाचं रबर कडक झालंय, लातूरला गेल्यावर बदला, हेही त्यांनीच सांगितलं.

बार्शीत पोटभर जेवलो, अर्धा तास आडवा झालो, सव्वादोनला निघालो. पांगरीकडून येडशीला येताना बालाघाटचे डोंगर जवळ येतात, रामलिंगच्या अभयारण्याची झाडी दिसते, आणि पुण्याहून निघाल्यापासून पहिल्यांदा वाटतं की आता आपल्याकडं आलो. बोलीही बदलते. येडशीला पाणी प्यायला थांबलो तर टपरीवरच्या पोरानं विचारलं, "कामून एवढ्या लांबून आणली? हितं मिळत न्हाई का?" त्याला फाइल दाखवावीशी वाटली.

ढोकीपासून पुढं ऊस. कारखाने सुरू झालेले, रस्त्यावर एकामागं एक ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन ट्रॉल्या, आणि ऊस दोन्ही बाजूंना हातहातभर बाहेर आलेला. दिवसा ते दिसतात. रात्री मागच्या ट्रॉलीला लाल दिवा नसला तर अंधारात नुसती भिंत असते. आमच्या तालुक्यात दर हंगामाला अशा ट्रॉलीखाली पोरं गेल्याचं ऐकू येतं. त्यात एक माझ्या वर्गातला होता. म्हणून पुण्याहून मराठवाड्यात गाडी आणणार असाल तर डिसेंबरात अंधाराच्या आत घर गाठायच्या हिशेबानंच निघा. उशीर झाला तर बार्शीत किंवा धाराशिवला मुक्काम करा. लॉजचे पाचशे-सातशे रुपये जातील, जाऊ द्या. दिव्याबद्दल वेगळं सांगायचं तर माझ्या गाडीच्या दिव्याची काच आठ वर्षांत धुरकट झाली आहे, उजेड पिवळा पडतो. ती बदलायच्या यादीत आहे.

मुरूडला शेवटचा चहा, लातूर शहर बाहेरून काढलं, आणि सव्वापाचला रेणापूरला. पेट्रोल पंपावर टाकी पुन्हा तेवढीच काठोकाठ भरली: ६.६ लिटर. मीटर ४१,५५४. म्हणजे ३४८ किलोमीटर आणि लिटरला साडेबावन्नच्या वर. यवतपर्यंत ब्रेक घासत आणि कुर्डुवाडीच्या पुढं अडखळत आलेल्या गाडीसाठी हा आकडा चांगला आहे. पेट्रोलला सातशेच्या आसपास गेले, त्यात ट्रान्सपोर्टचे सहा हजार आठशे वाचले.

माझं मत विचाराल तर ही गाडी घ्या, आणि अशीच, कागदांची फाइल असलेली, पहिल्या मालकाची घ्या. सीट दोनशे किलोमीटरनंतर कडक लागते, पण फोम आठ वर्षांचा आहे. मागचा शॉक अजून जिवंत आहे. लातूर-रेणापूर रस्त्यावर मुद्दाम दोन खड्डे घेतले, सॅक जागची हलली नाही. बसायची पद्धत ताठ, त्यामुळं पाठ दुखली नाही. दुखले ते मनगट, आणि तेही मी पकड घट्ट धरली म्हणून. किक हलकी आहे. सेल्फ पाच महिन्यांनंतरही जुन्या बॅटरीवर दिवसभर लागला, तरी थंडीत तिच्यावर भिस्त ठेवणार नाही, जानेवारीत नवी घेणार.

दारात आईनं लिंबू उतरवलं, चाकाखाली ठेवलं, हळदीकुंकू लावलं. पुढच्या टायरलाही लावलं. वडील बोलले नाहीत, खाली बसून इंजिनखाली बोट फिरवून बघितलं. बोट कोरडं निघालं तेव्हा उठले.

रात्री लोखंडी कॅरिअर बसवून घेतला. तळाला जुन्या ट्यूबचे दोन थर टाकून कंटेनर बांधला, तीन बाजूंनी पट्टे. सोमवारी पहाटे साडेपाचला फोन आला, वस्तीवरची लाल कंधारी आदल्या संध्याकाळपासून हंबरतेय. चोक ओढला, दुसऱ्या किकला गाडी चालू. नऊ किलोमीटरपैकी शेवटचे तीन नांगरटीच्या कडेनं, बैलगाडीच्या चाकोरीतून. पोचल्यावर आधी कंटेनरची मान हातानं चाचपली, मग पट्टी आत घालून नायट्रोजनची पातळी बघितली. निघताना होती तेवढीच होती. मालकीणबाईंनी तांब्यात कोमट पाणी आणून ठेवलं होतं. रेतमात्रेची स्ट्रॉ त्यात सोडली आणि तीस सेकंद मोजायला लागलो.